एमसील चांगलंच, पण सोलरच्या गरम लाईनवर नको

साताऱ्यात गच्चीवर पाणी तापवणारा सोलर असलेल्या घरी गळक्या जॉइंटवर एमसीलचा (दोन भाग मळून लावायचा, नंतर कडक होणारा लगदा) गोळा हमखास दिसतो. माल उत्तम आहे, जागा चुकते. दोन्ही भाग समान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा. पॉलिश पेपरने घासलेल्या, कोरड्या लोखंडी पाइपावर ते पक्कं बसतं. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप मात्र गरम पाण्याने लांबतो, रात्री आखडतो. कडक झालेलं एमसील तेवढं हलत नाही आणि कडेने सुटतं.

तिथे खराब तुकडा कापून नवा तुकडा दोन कपलरनी (दोन पाइपांची टोकं जोडणारे तुकडे) जोडा. काप सरळ हवा, कडांची कूस काढलेली हवी, पाइप कोरडा हवा. सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट सिमेंट (प्लास्टिक पाइप चिकटवायचा द्रव) पाइपाला भरपूर आणि कपलरच्या आत पातळ लावा. पाव फेरा देत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप मागे सरतो. यूपीव्हीसीचं, म्हणजे गार पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचं सिमेंट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, ते गरम पाण्यासाठी नसतं. घट्ट झालेला डबा थिनर घालून वापरणं तर त्याहून वाईट. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडू नका. पावसाळी गार हवेत तो वेळ आणखी वाढतो.