वर्षाचे पैसे एकदम भरले, नेट चार महिने चाललं

जुलै 2024 मध्ये मोबाइलचे रिचार्ज महागले तेव्हापासून आमच्या घरी रोज वाद. तीन फोन, तीन रिचार्ज, आणि मुलगा बारावीला. त्याचे लेक्चर दुपारीच दिवसाचा डेटा संपवायचे. नवरा सातपूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, मी घरी फॉल-पिको करते. महिन्याला हातात येतात अठरा-एकोणीस हजार.

ऑगस्टमध्ये बिल्डिंगखाली छत्री लावून एक पोरगा बसला होता. "ताई, वर्षाचे 3,600 भरा, महिना 300 पडला. 100 एमबीपीएस स्पीडचं नेट, राउटर फुकट, फक्त वायरिंगचे 500." गळ्यात एका मोठ्या कंपनीचं ओळखपत्र. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तो तिचा माणूस होता की नाही हे आजही ठरलेलं नाही.

300 ऐकलं आणि माझं डोकं तिथेच थांबलं. इंटरनेटवर 18 टक्के जीएसटी लागतो. 300 मध्ये कर धरून 100 एमबीपीएस देणं त्याला परवडतं कसं, हा हिशोब शिलाईचे पैसे मोजणाऱ्या बाईला यायला हवा होता. बचत गटातून 4,000 उचलले, शेकडा दोनने. वरचे 100 डब्यातले. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कुणा माणसाचं. विचारलं तर म्हणाला, "साहेबांचं खातं आहे." पावती दिली ती बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातली, वर शिक्का, पण जीएसटी नंबर नाही. आधारची झेरॉक्सही नेली.

दोन महिने नेट छान चाललं, हे मान्य केलं पाहिजे. मग संध्याकाळी सातनंतर घरघर सुरू झाली. सरकारी व्याख्येत 2023 पासून ब्रॉडबँड म्हणजे निदान 2 एमबीपीएस. आमच्याकडे रात्री नऊला तेवढंही येत नव्हतं. फोन केला की "लाइनवर काम चालू आहे ताई". डिसेंबरच्या मध्यात राउटरवर लाल दिवा लागला आणि त्याचा फोन बंद.

मी कंपनीच्या कस्टमर केअरला लावला. नोंदवलेला मोबाइल नंबर विचारला. माझा नोंदवलेलाच नव्हता. नवऱ्याचाही नाही. मग कळलं की तक्रार घेतली तर तिचा नंबर, म्हणजे डॉकेट नंबर, मिळतो, तोडगा पटला नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तेही फुकट. पण हे सगळं ग्राहकासाठी. आम्ही कागदावर ग्राहक नव्हतोच.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा केबलचं काम करतो. तो आमच्या खिडकीतली वायर धरून जिन्याने वर गेला. वायर कंपनीच्या पेटीत गेलीच नव्हती. गच्चीच्या दाराजवळ पत्र्याच्या डब्यात एक स्विच होता, म्हणजे एकच नेट अनेक वायरींत वाटणारी पेटी, त्यातून पाच घरांना वायरी. कनेक्शन एकच, तेही कधीच घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावावर. पोरगा दर महिन्याला त्या एकाचाच रिचार्ज मारत होता. 599 चा प्लॅन धरला तर करासकट 707, चार महिन्यांचे 2,800 च्या आसपास. आणि आम्ही पाच घरांनी मिळून दिलेले 20,500.

पैशांपेक्षा मला धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या लाइनवरून कुणी काही उद्योग केला असता तर पोलिस बिचाऱ्या भाडेकरूला शोधत गेले असते. आणि आमच्या आधारवर त्या पोराने काय घेतलंय? मुलाने संचार साथी या सरकारी पोर्टलवर आमच्या नावावरचे मोबाइल नंबर तपासले. तीनच निघाले, आमचेच. आता कुणी मागितलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देते, आणि झेरॉक्सवर आडवं लिहिते, कशासाठी दिलं आणि कोणत्या तारखेला.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार घेतली, पण तो नंबर उपयोगाचा पैसे गेल्या गेल्या, खात्यात ते असेपर्यंत. आम्ही चार महिन्यांनी जागे झालो. कंपनी म्हणाली, हा आमचा एजंट नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. चौकीत अर्ज दिला, पाच बायका एकत्र गेलो म्हणून निदान बसायला तरी सांगितलं. त्या पोराच्या भाड्याच्या खोलीला कुलूप होतं.

जानेवारीत नवं कनेक्शन घेतलं. 30 एमबीपीएस, 399 अधिक कर, म्हणजे 471, दर महिन्याला, कंपनीच्याच ॲपमधून. वर्षाचं भरलं तर सूट होती, घेतली नाही. माणूस वायर जोडत असतानाच मी ग्राहक क्रमांकाचा मेसेज मागितला, ॲप उघडून नाव माझंच आहे ते वाचलं आणि मग चहा टाकला. तो जरा चिडला होता. चिडू दे.

गटाचे अजून दोन हप्ते बाकी आहेत. जुनी पांढरी वायर खिडकीतून तशीच आत येते. पुरावा आहे, काढू नका असं चौकीतून सांगितलंय, म्हणून तिच्या बाजूने दुसरं भोक पाडावं लागलं.