टांगती नदी: धातूची की जाळ्याची?

भाची शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला. नदीकाठच्या गावासाठी टांगतं शिल्प करायचंय आणि धातू की जाळं, इथे तिचं घोडं अडलंय. मी दोन नमुने पुढे ठेवले. माया लिन यांचं 'सिल्व्हर रिव्हर' (२००९): लास वेगासच्या आरिया हॉटेलात टांगलेली, चांदीत ओतलेली ८४ फुटी कोलोरॅडो नदी. आणि जॅनेट एकलमन यांचं 'व्हेअर वी मेट' (२०१६): नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोच्या बागेवर ताणलेलं जाळं, ज्यात तिथले रेल्वेमार्ग आणि कापडधंदा दोन्ही विणलेत.

वजन: चांदीची नदी दीड टनाच्या वर. आधी छताचा हिशेब, मग कला. जाळं हलकं खरं, पण फसू नकोस. वारा भरला की सगळी ओढ खांबांवर येते. इंजिनिअर दोन्हीकडे लागणारच.

निगा: चांदी काळवंडते, हे निरांजन घासणाऱ्याला सांगायला नको. जाळ्याला ऊन खातं. साधा नायलॉन नकोच.

ओळख: इथे धातू सरळ जिंकतो. ओतीव नदीत वळण न् वळण दिसतं. गावातली आजी बोट दाखवून "हा आपला डोह" म्हणेल. जाळं असं काही सांगत नाही. ते हलतं. (एकलमनबाईंना ही कल्पना महाबलीपुरमच्या कोळ्यांची जाळी पाहून सुचली, हे ऐकून भाची खूश.)

बंद सभागृह असेल आणि लोकांनी आपली नदी ओळखावी असं वाटत असेल, तर धातू. चांदी कशाला, तांबंपितळही चालेल. उघडा चौक, मजबूत खांब आणि दरवर्षी दोर तपासणारा माणूस असेल, तर जाळं.