सेंटरच्या सरावाचा चेंडू: गिल्बर्ट जी-टीआर ४०००

आयर्लंडचा ब्रायन ओ'ड्रिस्कॉल १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं आंतरराष्ट्रीय रग्बी खेळला, बहुतेक काळ १३ नंबरची जर्सी घालून, म्हणजे आउटसाइड सेंटर, मधल्या फळीतल्या दोन सेंटरांपैकी बाहेरचा. आयर्लंडसाठी १३३ कसोट्या, ४६ ट्राय (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं). लायन्ससाठी, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघासाठी, आणखी ८ कसोट्या. मार्च २००० मधल्या पॅरिसच्या तीन ट्राय लोकांना पाठ आहेत. पण सेंटरचं पोट चालतं ते झेल आणि पासावर. चेंडू हातात येईपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. बोटं एकदा जरी सावरावी लागली तरी पासाची वेळ टळते. गिल्बर्टचा हा सरावाचा चेंडू त्याच कसोटीवर पाहिला पाहिजे.

तीन थरांचं अस्तर, हाताची शिवण, वर रबराचे दाणे. आकार ३, ४ आणि ५. पंधरा वर्षांच्या पुढच्यांनी ५ नंबरच घ्यावा. नियमातलं माप २८० ते ३०० मिमी लांबी, ४१० ते ४६० ग्रॅम वजन, हवेचा दाब ९.५ ते १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच).

कोरा चेंडू गुळगुळीत लागतो आणि तिथेच लोक नाराज होतात. साच्यातून निघालेल्या रबरावर तुकतुकी असते. कोमट पाण्यात कपडा भिजवून पुसा, सावलीत वाळवा आणि दोन-तीन सत्रं नुसता पास करा, मग दाणे बोटांना धरतात. हवा भरताना सुईला ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि दोष चेंडूला लागतो! अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, गेज वापरा. २५ अंशांवर १० पीएसआय भरलेला चेंडू ४५ अंशांच्या गाडीत राहिला, तर दाब साधारण पावणेदोन पीएसआयने चढतो. असा टणक चेंडू छातीवर आपटून उडतो, आणि मग नॉक-ऑन, म्हणजे चेंडू हातून पुढे निसटण्याची चूक.

स्पिन पासला, म्हणजे फिरकी देऊन टाकलेल्या लांब पासला, मागचा हात चेंडूच्या मागच्या अर्ध्यावर, बोटं फाकलेली, शिवणीवर आडवी. पुढचा हात फक्त दिशा देतो. इथे शिवण बोटांना नीट लागते, म्हणून १२ नंबरकडून (आतला सेंटर) कडेच्या विंगरपर्यंतचा १२-१५ मीटरचा लांब पास सरळ जातो. दोन-तीन मीटरच्या पॉप पासला, म्हणजे हलकेच उडवलेल्या छोट्या पासला, फिरकी नको, मनगट सैल सोडायचं. दाण्यांची पकड तिथे उलट किंचित जास्तच वाटते, चेंडू बोटांतून उशिरा सुटतो. सामन्याच्या चेंडूवर येताना हे लक्षात ठेवा, नाहीतर पास पुढच्याच्या गुडघ्यावर जाईल.

मुंबईत रग्बी पावसाळ्यात रंगते, त्यामुळे ओल्याची चाचणी महत्त्वाची. पाण्यात पकड टिकते, चिखलात नाही: दाण्यांच्या फटी भरल्या की चेंडू साबणासारखा होतो. दर पंधरा मिनिटांनी नायलॉनच्या मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश नको, दाणे सोलून निघतात. काँक्रीटवर किंवा डांबरावर तर अजिबात नको, टोकांकडचे दाणे आधी झिजतात आणि सेंटरची बोटं नेमकी तिथेच लागतात.

किकिंगच्या सरावासाठी हा घेऊ नये, सामन्याचाच चेंडू वेगळा ठेवावा. सेंटरच्या जोडीने मात्र दोन घ्यावेत, एक कोरड्या दिवसांचा आणि एक झिजलेला, मुद्दाम पावसात वापरायला.