जुन्या 'हिचकॉक' खुर्च्या घेताय? आधी बैठकीची मागची कड बघा

मागच्या ऑक्टोबरात मी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडून सहा खुर्च्या घेतल्या. २,४०० डॉलर मोजले. १८४० च्या सुमाराच्या, अस्सल हिचकॉक, म्हणजे लॅम्बर्ट हिचकॉक या जुन्या कारखानदाराने केलेल्या, म्हणून त्याने त्या विकल्या. त्या १९४६ नंतरच्या निघाल्या. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, कारण माझ्या हातात त्याच्याविरुद्ध कागद नाही. कागद का नाही, तेच सांगायचंय. ओळखीतल्या दोन घरांत सध्या असंच सामान घ्यायचं चाललंय. त्यांना फोनवर सांगून झालं, बाकीच्यांसाठी हे लिहिते.

माझं माहेर सावंतवाडीचं. बाबांचं आयुष्य कातकामात, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून गोल घडवण्यात गेलं. चितारआळीत पांगाऱ्याची लाकडी फळं रंगवून ओळीने वाळत ठेवलेली असायची आणि शाळेतून येताना आम्ही ती मोजत यायचो. त्यामुळे इथे कनेटिकटमध्ये, हार्टफर्डला आल्यावर एका ओळखीच्या बाईंकडे पहिल्यांदा हिचकॉक खुर्ची पाहिली, तेव्हा मला तिच्यासमोरून हलवेना. काळा रंग, त्याच्या खालून डोकावणारा तांबडा, कातीव पाय, लव्हाळ्यासारख्या पानांची पीळ घालून विणलेली बैठक आणि पाठीच्या आडव्या पट्टीवर सोनेरी फळांची परडी. प्रत्येक फळाच्या एका अंगाला सोनं दाट आणि दुसरीकडे विरत गेलेलं. ते काम असं करायचे: वार्निश पुरतं सुकायच्या आत, ते चिकट असतानाच त्यावर स्टेन्सिल, म्हणजे आकार कापलेला साचा, धरायचं आणि मखमल किंवा मऊ कातडं बोटाला गुंडाळून ब्राँझची पूड चोळायची. दाब कमी-जास्त केला की फळाला गोलाई येते. काळ्याखाली तांबडा देण्याचं कारणही छान आहे. रोजवुड, म्हणजे आपल्या शिसवीच्या जातीचं लाकूड, फक्त श्रीमंतांना परवडायचं. साध्या लाकडावर दोन रंग देऊन त्याचा भास आणला की शेतकऱ्याच्या घरीही तो थाट यायचा.

हे ज्याने घरोघरी पोचवलं तो लॅम्बर्ट हिचकॉक. त्याने १८१८ मध्ये कनेटिकटच्या वायव्येला, फार्मिंग्टन नदीच्या काठी खुर्च्यांचे सुटे भाग करायला सुरुवात केली. ते भाग पार दक्षिणेत, चार्ल्स्टनपर्यंत जायचे आणि तिथे जोडले जायचे. १८२६ मध्ये त्याने मोठा कारखाना बांधला. पाण्याच्या जोरावर यंत्रं चालायची, पाय आणि दांड्या एकाच मापाच्या निघायच्या आणि रंगकामाला बायका नि मुलं असायची. खुर्ची दीड डॉलरच्या आसपास विकली जाई. गावालाच हिचकॉक्सव्हिल नाव पडलं. आता ते रिव्हर्टन. १८२९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, पण तो परत उभा राहिला आणि १८३२ मध्ये आर्बा आल्फर्ड या भागीदाराला घेऊन त्याने नव्या नावाने धंदा चालवला. १८४३ मध्ये दोघे वेगळे झाले. हिचकॉक युनियनव्हिलला गेला आणि १८५२ मध्ये वारला.

हा इतिहास सांगते तो हौसेने नाही. माझी फसवणूक ह्याच सालांमध्ये दडलेली होती.

हिचकॉक आपली सही करायचा. बैठकीच्या मागच्या कडेवर, स्टेन्सिलने, सोनेरी अक्षरांत. सुरुवातीच्या खुर्च्यांवर 'एल. हिचकॉक, हिचकॉक्सव्हिल, कॉन., वॉरंटेड' असं ('कॉन.' म्हणजे कनेटिकट, 'वॉरंटेड' म्हणजे हमीची). १८३२ ते १८४३ मध्ये 'हिचकॉक, आल्फर्ड अँड कंपनी'. त्यानंतर 'लॅम्बर्ट हिचकॉक, युनियनव्हिल'. माझ्या खुर्च्यांवर पहिली सही होती आणि विक्रेत्याने लावलेल्या चिठ्ठीवर साल होतं १८४०. म्हणजे चिठ्ठी आणि सही यांचंच जुळत नव्हतं. हे मला त्या दिवशी माहीत असतं, तर मी तिथूनच परत फिरले असते. इंटरनेटवर दहा मिनिटं बसले असते तरी कळलं असतं. मी बसले नाही, कारण मला त्या खुर्च्या हव्या होत्या.

दुकान म्हणजे रस्त्याकडेचा एक जुना लाकडी गोठा. विक्रेता साठीचा, बोलायला मऊ. "एका म्हाताऱ्या बाईंचं घर मोकळं केलं, त्यांच्या पणजोबांपासूनच्या या खुर्च्या," असं त्याने सांगितलं. एका खुर्चीच्या खाली पिवळट कागद चिकटवलेला होता, त्यावर तिरप्या शाईत एका घराण्याचं नाव. आज वाटतं, ज्या कागदाला पावणेदोनशे वर्षांत एकही वाळवी, एकही घडी, एकही फाटका कोपरा नाही, तो इतका एकसारखा पिवळा कसा? तेव्हा मला त्यात फक्त कुणा पणजोबांची सही दिसली. "पूर्ण सहाचा संच आता मिळत नाही, दुपारी एक जोडपं बघायला येणार आहे," असंही तो म्हणाला. नवरा म्हणत होता, दोन दिवस थांबू. मी थांबले नाही.

पैसे मी फोनवरून थेट खात्यात पाठवले. कार्ड घेतो पण तीन टक्के जास्त पडतील, असं त्याने सांगितलं होतं. ७२ डॉलर वाचवायला मी तक्रार करण्याचा एकमेव सोपा रस्ता बंद केला. क्रेडिट कार्डाने दिले असते, तर वर्णनाप्रमाणे वस्तू नाही म्हणून बँकेकडे वाद उभा करता आला असता. एकदा आपण स्वतःच्या हाताने खात्यातून पैसे पाठवले की बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात. पावती त्याने हसत हसत लिहून दिली: 'सहा काळ्या रंगीत खुर्च्या, आहेत त्या स्थितीत'. साल नाही, हिचकॉक नाही. मी ती न वाचता पर्समध्ये टाकली.

महिन्याभराने एका खुर्चीची बैठक कोपऱ्यात उसवली. अशा बैठका विणणाऱ्या एक बाई दोन गावं पलीकडे राहतात. चाळीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी खुर्ची उलटी केली, बैठकीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ही पानं नाहीत, पिळलेला कागद आहे." माझ्या पोटात गोळा आला, पण त्यांनीच समजावलं की यावरून काहीच ठरत नाही. दीडशे वर्षांच्या खुर्चीची बैठक दोन-तीनदा नव्याने विणलेली असणारच आणि विसाव्या शतकापासून त्यासाठी कागदी दोर सर्रास वापरला जातो. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण बैठक नवी दिसली म्हणून लोक चांगली जुनी खुर्चीही नाकारतात. बैठकीवरून साल ठरवू नका. लाकडावरून ठरवा.

मग त्यांनी कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, काढला. पुढच्या पायाचा जाडीचा भाग एका दिशेने मोजला, पाव वळसा देऊन परत मोजला. काटा हलला नाही. दुसरा पाय, तिसरी खुर्ची, सगळीकडे तेच. "शंभर वर्षांपूर्वी कातलेलं लाकूड गोल राहत नाही," त्या म्हणाल्या. खरंच आहे. लाकूड आटतं ते सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही. वर्षकड्यांच्या दिशेने जास्त, त्यांना छेदून कमी. म्हणून पूर्वी कातलेला गोल पाय काळाने किंचित लांबट होतो. फरक डोळ्याला दिसत नाही, पण बोटांना आणि कॅलिपरला कळतो. भट्टीत नीट वाळवून मग कातलेलं आधुनिक लाकूड जवळजवळ गोलच राहतं. बाबांना हे पाठ असणार, आणि मी त्यांची मुलगी.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन खुर्चीभोवती फिरवून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालच्यो दांडयो दाखय." दाखवल्या. चारही बाजूंच्या दांड्यांवरचा रंग सारखाच उडालेला होता, आणि खरेदी करताना मला तेच जुनेपणाचं लक्षण वाटलं होतं. बाबा म्हणाले, "गो बाय, मागच्या दांड्येर कोण पाय ठेवता?"

एवढ्या एका वाक्याने सगळं उघडं पडलं. माणूस बसला की टाचा पुढच्या दांडीवर टेकतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच लाकूड वरच्या अंगाने झिजून सपाट होतं, आणि मागची दांडी रंगासकट शाबूत राहते. पायांचं बूड झिजतं तेही मागच्या पायांचं जास्त, कारण खुर्ची मागे झुकवली जाते, ओढली जाते. माझ्या खुर्च्यांची झीज कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन एका दमात, चारही बाजूंनी समान वाटून टाकलेली होती.

दुसऱ्या दिवशी दिवा अगदी आडवा धरून मी सहाही खुर्च्यांच्या मागच्या कडा पाहिल्या. पाच खुर्च्यांवर सहीच्या शेवटी एक खरवडलेला ठिपका, वरून काळा रंग लावलेला. सहाव्या खुर्चीवर हात जरा हलका पडला होता. तिथे रंगाखाली बारीक वर्तुळ दिसत होतं आणि त्यात इंग्रजी आर अक्षर. नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण. अमेरिकेत ही खूण १९४६ च्या व्यापारचिन्ह कायद्याने आली. लॅम्बर्ट हिचकॉकच्या हयातीत ती असणं शक्यच नव्हतं.

झालं होतं असं. १९४६ मध्ये जॉन केनी नावाच्या गृहस्थाने रिव्हर्टनमधल्या त्याच जुन्या इमारतीत हिचकॉक खुर्च्या पुन्हा करायला घेतल्या. तो कारखाना २००६ पर्यंत चालला. त्यांच्या खुर्च्या मजबूत, स्टेन्सिलचं काम कसबी, आणि त्यांनी कुणालाही फसवलं नाही. जुनीच सही घातली, पण शेजारी ती गोलातली खूण ठेवली, की बघणाऱ्याला कळावं. माझ्या खुर्च्या त्या कारखान्यातल्या. प्रामाणिक माणसांनी केलेल्या, प्रामाणिक खूण असलेल्या. खोटं कुणी नंतर केलं, आणि ते करायला त्याला काही बनवावंही लागलं नाही. सहा ठिकाणी बोटाच्या नखाएवढी जागा खरवडली की झालं. म्हणून जुनी वस्तू बघताना तिच्यावर काय आहे ते सगळेच बघतात, तिच्यावरून काय काढून टाकलंय ते तुम्ही शोधा. सहीच्या आसपास रंगाची वेगळी चकाकी, खोलगट जागा, ताजा काळा ठिपका दिसला की तिथे थांबा.

मी विक्रेत्याला फोन केला. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. "मॅडम, मी हिचकॉक म्हणालो होतो. त्या हिचकॉकच आहेत," एवढंच म्हणाला. सालाचं विचारलं, तर "मी माझा अंदाज सांगितला". १८४० लिहिलेली चिठ्ठी कुठे आहे? दुकानातच राहिली होती, त्याने सोडवून घेतली होती. जाहिरात? काढून टाकलेली. मी तिचा फोटो काढून ठेवला नव्हता.

कनेटिकटमध्ये छोट्या दाव्यांच्या न्यायालयात पाच हजार डॉलरपर्यंतची तक्रार वकिलाशिवाय करता येते. मी चौकशी केली. इथल्या कायद्यात विक्रेत्याने वस्तूचं जे वर्णन केलं आणि ज्याच्या भरवशावर तुम्ही घेतलीत, ती हमी धरली जाते. 'आहेत त्या स्थितीत' लिहिलं तरी लिखित वर्णन सहजी पुसलं जात नाही. पण ते वर्णन दाखवता आलं पाहिजे. माझ्याकडे दाखवायला होती फक्त 'सहा काळ्या खुर्च्या'. दावा मी केला नाही. चार वेळा पत्र पाठवलं, शेवटी त्याने ३०० डॉलर परत केले, 'सद्भावना म्हणून' असं लिहून. चूक मान्य केली नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पावतीवर लिहून मागा: कोणी केली, कोणत्या काळात केली, कोणता भाग नंतर बदललाय, कुठे नव्याने रंगवलंय. खरा विक्रेता हे आनंदाने लिहितो, ओळखीच्या एका दुकानदाराने तर मला न मागता पान भरून लिहून दिलं. जो तोंडाने पणजोबांपर्यंत जातो आणि पेन हातात आल्यावर 'काळ्या खुर्च्या' लिहितो, त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि भावाचंही आधी बघा. खऱ्या हिचकॉक खुर्च्याही कारखान्यात हजारोंनी झालेल्या आहेत, त्या काही एकुलत्या एक नाहीत. नंतर एका लिलावात माझ्या खुर्च्यांसारख्याच, १९४६ नंतरच्या सहा खुर्च्या ३५० डॉलरना गेलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. त्या दिवशी घरी येताना गाडीत मला रडू आलं.

खुर्च्या विकायचा विचार आला होता. पण त्या आहेत चांगल्या, मुलगी त्यांच्यावर बसून अभ्यास करते आणि परडीतली द्राक्षं मोजते. डिसेंबरात आम्ही सगळ्या उलट्या केल्या. तो पिवळा कागद सोडवून काढला. मग प्रत्येकीच्या खाली पक्क्या शाईने लिहिलं: 'रिव्हर्टनच्या कारखान्यात, १९४६ नंतर केलेली'. शेवटी, जिथे ती खूण खरवडली होती तिच्या बरोबर खाली, मुलीने बारीक ब्रशने एक गोल काढला आणि त्यात आर लिहिला. सहावा गोल जरा वाकडा आलाय, तो तसाच ठेवला.