आठवीतल्या पोरीला मराठीतून सायन्स: कुतूहल, पत्रिका की संदर्भ?

फोंड्याच्या ताईचा फोन, भाची आठवीत गेली, मराठीतून सायन्सचं काहीतरी वाचायला द्यायचंय तर काय देऊ. आता गोव्यातली गोची अशी की बऱ्याच पोरांचं चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्लिश, पोरांना फोटोसिंथेसिस येतं पण प्रकाशसंश्लेषण म्हटलं की आपल्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून मी माहिती किती यापेक्षा शब्द कुठे अडतो तेच बघितलं.

लोकसत्तातलं 'कुतूहल' हे सदर मराठी विज्ञान परिषदेची मंडळी लिहितात, वर्षभर एकच विषय, 2023 ला समुद्र, 2024 ला एआय. लेख एवढुसा, नाश्ता होईपर्यंत वाचून संपतो, पैसे नाहीत, जुने लेख नेटवर मिळतात आणि समुद्राचे तर आपल्या पोरांसाठीच लिहिल्यासारखे. पण जागा कमी म्हणून शब्द फोडून सांगत नाहीत. भाची सोप्यावर बसून वाचता वाचता 'क्षारता'वर अडली, मी म्हटलं अगं सॅलिनिटी, तर म्हणते मग तसंच लिहायचं ना! आणि लगेच, "थांब, क्षार म्हणजे मीठ ना, मग मीठ किती ते?" सॅलिनिटी तिने आत्तापर्यंत नुसतं पाठ केलेलं हो.

परिषदेची मासिक पत्रिका मात्र जड. परिषद 1966 पासूनची, लिहिणारे जाणकार, पण वाचक मोठा धरलेला. कॉलेजचं पोर किंवा रिटायर्ड मास्तर असेल घरात तर बिनधास्त लावा. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचा तो किस्सा माहितीय ना, 1974 ला खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस घेतलं. भाचीला पत्रिकेपेक्षा हेच जास्त आवडलं.

पुण्याचं 'शैक्षणिक संदर्भ' हे नियतकालिक विज्ञान परिषदेचं नाही, वेगळा ग्रुप आहे, पण माझं मत त्यालाच. दोन महिन्यांनी एक अंक, लेख लांब, काही हिंदीतून आलेले आणि ते जाणवतं मधेमधे, पण यात उत्तर आधी देत नाहीत, करून बघ म्हणतात. ती सवय लागल्यावर खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बघायला घेऊन जा, भरतीचं पाणी वाढलं की दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं, कोणी हात लावत नाही. भाचीने तिथे अर्धा तास काढला, मोबाईल खिशात. जुने अंक वेबसाइटवर फुकट आहेत, आधी दोन-तीन वाचून बघा.

ताईला सांगितलं, रोज एक कुतूहल आणि सुट्टीत संदर्भ, पत्रिका अकरावीला बघू. ती म्हणते पत्रिका मीच लावते, मला वाचायचीय.