कृष्णाकाठचं केबिन जावळीत नेलं: पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आमचं वीस बाय आठ फुटांचं पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंतींचं) तयार केबिन सांगलीजवळच्या मळ्यात उभं होतं. बाथरूम, छोटा ओटा, दोन माणसांच्या झोपायची सोय, एवढंच. उन्हाळ्यात ते उचलून सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या मेढ्याच्या पुढं, केळघरच्या बाजूला माझ्या माहेरच्या जमिनीवर नेलं. तेव्हापासून अख्खा पावसाळा येऊन-जाऊन तिथंच काढला. हलवलेलं घर टिकतं का, असं बरेच जण विचारतात. टिकतं. पण विकणारा "कुठंही न्या" म्हणताना ज्या गोष्टी बोलत नाही, त्यांच्यावरच ते टिकणं ठरतं. म्हणून जरा लांबण लावून लिहितेय.

हलवायचं कारण पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला पुन्हा आलं. केबिन उंच पेडस्टलवर (खालच्या टेकूच्या खांबांवर) ठेवलं तरी जुलै लागला की नदीच्या पातळीचे आकडे बघण्यातच दिवस जायचा.

पहिला प्रश्न वजनाचा. नवीन असताना विक्रेत्यानं सांगितलेलं वजन रिकाम्या डब्याचं असतं. त्यात नंतर टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, प्लायचा पलंग येतो आणि तो आकडा निरुपयोगी होतो. आमचं तीन टनांच्या वर भरलं. उसाच्या पट्ट्यात वजनकाटा शोधावा लागत नाही, तेवढं एक बरं. मात्र काट्यावर जाईपर्यंत केबिन उचलून झालेलं असतं, त्यामुळं हायड्रा (उचलायची क्रेन) अंदाजापेक्षा मोठीच सांगावी. "बारा टनी" म्हणजे बूम (क्रेनचा लांब हात) जवळ असताना बारा टन. बूम जितका लांब काढाल तितकी ताकद झपाट्यानं कमी होते, आणि मळ्यात बांध, पाइपलाइन, झाडं यांमुळं हायड्राला हवं तेवढं जवळ जाता येत नाही.

उचलायच्या पट्ट्यांबद्दल आमचा हायड्रावाला फार चांगला निघाला. आखूड पट्टे लावून पटकन उरकूया, असं ट्रेलरवाला म्हणत होता. हा म्हणाला, "ताई, लांब पट्टे येईस्तोवर मी थांबतो, पण असं उचलणार नाही." त्याचं बरोबर होतं. दोन पट्ट्यांनी उचलताना पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकावर वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त ताण येतो. तोच ३० अंशांवर आला की प्रत्येक पट्ट्यावर अख्ख्या वजनाएवढा ताण. शिवाय आखूड पट्टे वरच्या कडा आत दाबतात आणि पफ पॅनेल तिथंच चेपतं. पट्टे खालच्या चॅनेलच्या फ्रेमखालून गेले पाहिजेत, वरच्या कडेला लाकडी ठोकळे घातले पाहिजेत. नवीन केबिन घेणाऱ्यांनी शोरूममध्ये वॉलपेपर बघण्याआधी वाकून ही खालची फ्रेम बघावी. उचलायचे हूक तिला वेल्ड केलेत की नुसत्या छताच्या कोपऱ्याला, तेही.

आठ फूट रुंदी आमच्या कामी आली. रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटरची, त्यात हे बसतं. दहा फुटी केबिन त्याच्या बाहेर जातं आणि वेगळी परवानगी मागत बसावं लागतं. कारखान्यांचा हंगाम संपल्यावर निघालो, त्यामुळं आष्टा–पेठ नाका रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या नव्हत्या. पुढं कराड, सातारा हा हायवे म्हणजे काहीच नाही. खरा प्रवास मेढ्यापासून पुढं सुरू झाला. ट्रेलरची उंची धरून केबिनचा माथा चार मीटरच्या आसपास जातो. गावात रस्ता ओलांडणारी विजेची तार नियमानं ५.८ मीटरवर हवी. प्रत्यक्षात झोळ किती पडलाय ते दादानं आदल्या दिवशी बांबू घेऊन रस्ताभर मोजून ठेवलं होतं. एका वळणावर आंब्याची फांदी तोडायला मालकाची परवानगीही त्यानंच काढली होती.

भाड्याचं सांगायचं तर हायड्रा दोन्ही टोकांना लागते आणि काम तासाभराचं असलं तरी पैसे शिफ्टचे. दोन्ही मिळून ट्रेलरच्या भाड्याच्या जवळ गेलं. कोटेशन मागताना बहुतेक जण फक्त ट्रेलरचं मागतात.

आता पावसाचं. सांगलीत या केबिनला कधी थेंब गळती नव्हती. इथं पहिल्या जोराच्या पावसात खिडकीच्या कोपऱ्यातून ओघळ आले. प्रवासाच्या हादऱ्यांनी सांध्यातलं सिलिकॉन तडकतं, छतावरच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर सैल होतात. कोरड्या हवेत हे कळतही नाही. जावळीतली झड मात्र आडवी येते, पाणी अक्षरशः खालून वर चढतं. जुनं सिलिकॉन खरवडून नवीन भरलं, वॉशर सगळे बदलले, तेव्हा थांबलं. मला विचाराल तर हे काम केबिन जागेवर बसल्या बसल्या, पाऊस यायची वाट न बघता करून घ्यावं.

दुसरी गोष्ट दमटपणा. पफच्या भिंतीतून हवा आरपार जात नाही. मे महिन्यात सांगलीत हाच गुण होता, आत एसी लवकर गार करायचा. इथं तो उलटा पडतो: आत शिजवलेल्याची, अंघोळीची वाफ आतच राहते. पलंगाखालच्या प्लायला आणि गादीला बुरशी आली. एक्झॉस्ट फॅन बसवला, पलंग भिंतीपासून सरकवला, आता बरं आहे. कपडे मात्र अजून दादाच्या घरी ठेवतो.

ऑगस्टमध्ये दार घासायला लागलं. सुतार रंधा घेऊन आला होता, त्याला यांनी थांबवलं. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं लेव्हल बघितली तर उताराकडचं एक पेडस्टल खचलेलं. भरावाच्या मुरमावर ते उभं होतं. जॅक लावून उचललं, लोखंडी प्लेटचं पॅकिंग दिलं, दार आपोआप नीट लागायला लागलं.

विजेबाबत आळस करू नका. सगळं घर पत्र्याचं आहे, त्यामुळं नव्या जागी नवीन अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. महावितरणचं कनेक्शन जागेला असतं, केबिनला नसतं. नव्या जागेसाठी नवीन अर्ज, जुन्या जागेचं कायमचं बंद करून डिपॉझिटसाठी वेगळा अर्ज. फायबरची सेप्टिक टाकी मळ्यातच सोडली, इथं नवीन शोषखड्डा घेतला.

पाया नाही म्हणून परवानगी लागत नाही, हे विक्रेत्याचं वाक्य ग्रामपंचायतीत कुणी ऐकून घेत नाही. महाबळेश्वर तालुका आणि जावळीतली काही गावं २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात आहेत. आपल्या जमिनीचा गट त्यात येतो का, हे ट्रेलर ठरवण्याआधी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात विचारून घ्यावं. आमचा येत नव्हता, तरी कागद गोळा करण्यात उन्हाळ्याचा बराच भाग गेला.

राहिलं छत. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की फोनवर बोलता येत नाही, आणि दादाकडचे लोक झडीच्या बाजूला गवताचे तट्टे का बांधतात तेही कळलं. पुढच्या पावसाआधी वर वेगळा पत्रा आणि पश्चिमेला चार फुटांची पडवी काढायची आहे. तिचे खांब केबिनला न जोडता स्वतंत्र उभे करायचे, म्हणजे उद्या पुन्हा उचलायची वेळ आली तर अडणार नाही. मेढ्याचा फॅब्रिकेटर दिवाळीनंतर मापं घ्यायला येतो म्हणालाय.