कबड्डीची सुट्टी: पोहणं की खंजिरी?

सामने संपले, पोराचे गुडघे ठणकताहेत. मे महिन्यात काय धरावं?

गुडघ्यांना आराम दोन्हींत. पण पोहण्यात खांदे राबतात. पकडीत खांदा दुखावला असेल तर पाण्यात उतरूच नका. विहीर पायऱ्यांचीच हवी, शिकाऊ पोराच्या कमरेला झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा आणि काठावर पट्टीचा पोहणारा. एकट्यानं कधीच नाही! खर्च शून्य, मात्र पाणी तळाला गेलं की सगळं बंद.

खंजिरी भरदुपारी घरातही वाजते. खंजिरीवर भजनं गाणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या या विदर्भात शिकवणारा बहुधा गावातच भेटतो. कोरड्या हवेत कातडं ताणून आवाज चिरका झाला, तर आतून ओलं बोट फिरवा. पाणी जास्त झालं की ते सैल पडतं. सुरुवातीला 20 मिनिटं पुरे, नाहीतर मनगट भरून येतं.

दम टिकवायचा तर पोहणं. दुखापत भरायची असेल किंवा मनच खेळावरून उडालं असेल, तर खंजिरी.